‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आता बंद करा : अल्झायमर आणि आपली वस्ती



वस्तीत कुणाची आजी एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागली, कुणाचा बाप बाजारातून परतताना स्वतःची गल्ली चुकला, की लोक एक म्हण तोंडावर फेकून मोकळे होतात. साठी बुद्धी नाठी. वय झालं, म्हातारचळ लागलाय, दुसरं काय! त्यापुढे विचार नाही, दवाखाना नाही. काही घरे एक पाऊल पुढे जातात ती थेट भगताकडे. तो बाहेरची बाधा सांगतो, लिंबू उतरवतो, पैसे घेतो. आणि ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणणारे फक्त हिंदूंच्या घरात आहेत असेही नाही. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दुःख वाट्याला येते, ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये साफ नाकारली आहे. वर्षावासात तो ग्रंथ वाचायचा आणि घरी येऊन म्हातारीच्या विस्मरणाला भोग म्हणायचे, हे कसे चालेल?

आमचे म्हणणे सरळ आहे. हा मेंदूचा आजार आहे. तो श्रीमंतालाही होतो, ब्राह्मणालाही होतो. पण त्याचा धोका कोणाला जास्त, तो कोणाचा वेळेत ओळखला जातो आणि रुग्णाचे पुढचे दिवस कसे जातात, हे ठरवताना जात, वर्ग आणि बाईपण मध्ये येतात. सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली सांगून ठेवले आहे की माणसाची खासगी अडचण आणि समाजाचा सार्वजनिक प्रश्न यांचा धागा जोडून बघायला शिकले पाहिजे. आपण तो धागा बेरोजगारीत बघतो, शिष्यवृत्तीत बघतो. म्हाताऱ्या आईच्या विसराळूपणात मात्र बघत नाही.

आधी आजार समजून घेऊ. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात ऑगस्टे डेटर नावाच्या बाईला मनोरुग्णालयात दाखल केले. रेल्वेतल्या एका कारकुनाची ही बायको. नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेई, वस्तू कुठेही लपवी, स्वतःचे नाव लिहिता लिहिता अडखळे. अलॉइस अल्झायमर या डॉक्टराने तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरे लिहून ठेवली. १९०६ मध्ये ती वारली, त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथे डॉक्टरांच्या सभेत निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन या मनोविकारतज्ज्ञाने आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले. लक्षात घ्या, दाखल झाली तेव्हा ऑगस्टे ५१ वर्षांची होती. म्हणजे साठीची म्हण पहिल्याच रुग्णापाशी खोटी पडली. साठीआधी हा आजार होणारे थोडे असतात, पण असतात. आणि ऐंशी-नव्वदीतही बुद्धी लख्ख असलेली माणसे आपण रोज बघतो.

अल्झायमरला मेंदूत काय सापडले? पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचलेले, आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या. पेशी एकमेकींशी बोलेनाशा होतात आणि हळूहळू मरतात. पडझड सहसा हिप्पोकॅम्पस या भागाच्या आसपास सुरू होते. नवी आठवण तयार करून ठेवण्याचे काम हाच भाग करतो. म्हणून सकाळी जेवलेले आठवत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न आठवते. घरचे म्हणतात, ‘सोंग करते, जुनं बरं आठवतं हिला!’ ते सोंग नसते. ही पडझड लक्षणे दिसण्याच्या दहा-पंधरा वर्षे आधीपासून गुपचूप चाललेली असते.

पुढे फक्त आठवण जात नाही, मन बिघडते. काहींना सुरुवातीपासूनच उदासी घेरते, कशातच जीव रमत नाही. काही चिडचिडे होतात. ‘माझी पाटली सुनेने चोरली’ हा संशय तर इतका ठरलेला की आम्ही घरी पोचण्याआधीच सांगू शकतो. पाटली तांदळाच्या डब्यात तिनेच ठेवलेली असते. संध्याकाळ झाली की अस्वस्थता वाढते, ‘मला घरी जायचंय’ म्हणत बाई स्वतःच्याच घरातून बाहेर पडते. रात्रीचा दिवस होतो. शेवटी शेवटी घास गिळणेही विसरायला होते.

एक फरक सगळ्यांनी पाठ करून ठेवावा. स्मृतिभ्रंश हे लक्षणांच्या समूहाचे नाव आहे, अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. दुसरीही कारणे आहेत, मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून होणारा स्मृतिभ्रंश त्यातलाच. आणि काही कारणे तर बरी होणारी आहेत : बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, तीव्र नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, चुकीच्या गोळ्या. म्हणून रक्ततपासणी न करता घरातच ‘अल्झायमर’ ठरवून बसणे हेही म्हणीइतकेच घातक. आणि माणूस कालपर्यंत ठीक होता, आज अचानक बरळतो आहे, तर ते बहुधा वेगळेच असते. लघवीचा संसर्ग, ताप, शरीरातले पाणी कमी होणे, काहीही असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भारतातल्या ज्येष्ठांचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाप्रमाणे देशात साठीपुढच्या १०० जणांपैकी सुमारे ७ जणांना, म्हणजे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि शाळा न शिकलेल्यांत जास्त. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरचे संशोधन एकत्र करून सांगितले की जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याजोगा आहे. त्यासाठी त्यांनी १४ कारणे मोजली. बालपणी शिक्षण न मिळणे हे त्यात आहे. कमी ऐकू येणे आणि त्यावर उपाय न होणे, उपचाराविना राहिलेला रक्तदाब, मधुमेह, डोक्याला इजा, तंबाखू, दारू, हवेतले प्रदूषण, नैराश्य, एकटेपणा, नजर जाणे, हे सगळे त्यात आहे.

ही यादी वाचताना आमच्या डोळ्यांसमोर थेट माणसे आली. खडी फोडून कान गेलेला बाप, ज्याला कानाचे यंत्र हा चैनीचा प्रकार वाटला. चाळीस वर्षे चुलीचा धूर गिळलेली आई. पहाटे रस्ते झाडणारी, तपासणीच न झाल्याने रक्तदाबाची गोळी कधी सुरूच न झालेली मावशी. मोतीबिंदू पिकला तरी ‘आता मला काय बघायचंय’ म्हणणारी आजी. हा जनुकांचा नशिबी खेळ एवढाच प्रकार नाही. आयुष्यभराचे वंचितपण मेंदूपर्यंत पोचते, एवढेच हे विज्ञान सांगते आहे.

शिक्षणाचा मुद्दा तर नीट समजून घ्या. लहानपणी शाळा मिळालेल्या मेंदूत जोडण्या जास्त पक्क्या होतात, शिल्लक साठते. पुढे आजाराने काही पेशी गेल्या तरी त्या शिल्लकीवर माणूस बरीच वर्षे तग धरतो. ज्यांचा जन्म १९४०-५० च्या दशकांत झाला त्या आपल्या आज्यांपैकी किती जणी शाळेच्या उंबऱ्याच्या आत बसल्या? जातीने आणि पुरुषसत्तेने मिळून त्यांना शाळा नाकारली. ती शिल्लक त्यांच्या खात्यात कधी जमाच होऊ दिली नाही.

आणि हीच बाई सत्तरीत तपासणीला गेली की काय होते? स्मृतीच्या तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. त्यात शंभरातून सात सात वजा करत जायचे, किंवा इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलटे सांगायचे, कागदावरची सूचना वाचून तसे करायचे, स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहायचे, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढायचे. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिला पंचकोन काढायला सांगणे म्हणजे काय? ती नापास होते आणि कागदावर तिची बुद्धी अधू ठरते. किंवा डॉक्टर उलट्या टोकाला जातात : ‘अडाणी आहे, तिला हे येणारच नाही’ म्हणून खरा आजार सोडून देतात. शाळा नाकारल्याची शिक्षा तिला एकदा आजाराच्या वाढलेल्या धोक्यात मिळते आणि दुसऱ्यांदा तपासणीच्या टेबलावर.

यावर उपाय नाही असे कुणी म्हणू नये. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत संशोधकांनी निरक्षर माणसांसाठी ही प्रश्नावली हिंदीत नव्याने बांधली, १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. वाचून करण्याऐवजी ‘मी करतो तसे करा’, वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’. किती साधी गोष्ट! म्हणजे ज्ञान उपलब्ध आहे, तीस वर्षांपासून आहे. तरी आमच्या भागातल्या एका मोठ्या रुग्णालयात मागच्या वर्षी निरक्षर मावशीसमोर कोरा कागद आणि पेन ठेवले गेले. ती रडायला लागली. सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने विचारले, हिला लिहिता येते का हे तुम्ही आधी विचारले का? उत्तर मिळाले नाही.

तेव्हा तरुणांनो, आईसोबत जाल तेव्हा डॉक्टरांना तिच्या शिक्षणाबद्दल स्वतःहून सांगा आणि तिच्या रोजच्या जगण्यातले बदल लिहून न्या. भाजीवालीने परत दिलेले सुट्टे पैसे ती मोजू शकते का? भाजीत मीठ दोनदा पडते का? रोजची बस चुकते का? भाकरी करपते का, आणि पूर्वी करपायची का? ज्या बाईने पन्नास वर्षे शंभर लोकांच्या पंक्ती उठवल्या तिची बुद्धी पंचकोनात नाही, तिच्या चुलीपाशी मोजली पाहिजे.

जुन्या आठवणी जास्त काळ टिकतात, हे वर आले. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ सालीच हा नियम मांडला होता. आपल्या माणसांच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो, हे त्याच्या पुस्तकात सापडणार नाही. आम्ही भेटी देतो त्यातल्या एका घरी पंच्याऐंशीच्या पुढची आजी आहे. मुलगा बँकेत, घर स्लॅबचे, दारात कमान, भिंतीवर बाबासाहेब. ती खुर्चीवर बसत नाही. पाण्याचा पेला हातात घेत नाही, ओंजळ पुढे करते आणि म्हणते, ‘वरून घाला, शिवू नका.’ मधली साठ वर्षे पुसली गेली आणि खालून गावचा पाणवठा वर आला. नातवंडे हसतात, सून शरमते, मुलगा उठून आत जातो. जातिअंताच्या चर्चेत कुणी या आजीला बोलावणार नाही, पण अस्पृश्यतेने माणसाच्या आत किती खोलवर घर केले त्याचा पुरावा तिच्या त्या ओंजळीत आहे. अशा वेळी ‘आता तसं काही नाही आजी’ असे भाषण देऊन उपयोग नाही. शेजारी बसा, त्याच तांब्यातले आधी स्वतः प्या, मग तिला द्या. तीन-चार वेळा केल्यावर ती पेला घेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या एका घरात आई मरीआईच्या नावाने हात जोडू लागली, नैवेद्य मागू लागली. मुलगा समता सैनिक दलाचा जुना कार्यकर्ता. तो संतापला, ‘बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई धम्म सोडून चालली!’ भाऊ, ती कुठेही चाललेली नाही. ती तिच्या सातव्या वर्षात आहे, १९५६ अजून यायचे आहे. तिच्याशी वाद घालणे म्हणजे लहान मुलीला मतभेदाबद्दल शिक्षा करणे. तिच्याशी त्रिशरण पंचशील म्हणा. लेकीचे नाव विसरलेली माणसे पाली गाथा चालीसकट म्हणतात, भीमगीत लागले की ठेका धरतात. संगीताची आणि सवयीची स्मृती उशिरा जाते. हे औषध नाही, पण त्या अर्ध्या तासात ती घाबरलेली नसते.

औषधांबद्दल थोडक्यात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे लक्षणांना काही काळ टेकू देतात, आजार बरा करत नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यात चालते, फार महाग आहे आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. बाकी ‘स्मरणशक्ती परत आणणारे’ काढे आणि चूर्ण विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. त्यांच्यात आणि भगतात फरक फक्त डबीच्या लेबलाचा आहे.

मग खरा उपचार काय? सांभाळ. आणि तो कोण करते? सून करते, लेक करते, नोकरी सोडून करते. चोरीचा आळही तिच्यावरच येतो. विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला होता, बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्धांनी आणि आनंदांनी स्वतः त्याला आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवले. हा प्रसंग आपले वक्ते प्रवचनात रंगवून सांगतात. आमचा त्यांना एकच प्रश्न आहे, तुमच्या आईचे लुगडे आज कुणी बदलले?

कायद्याची बाजू अनेकांना माहीत नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे, त्यात स्मृतिभ्रंश असा वेगळा शब्द नाही. म्हणून लोकांना खिडकीवरून परत पाठवले जाते. पण याच कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या वाचा. विचार, भावना, आकलन यांच्यासोबत भान आणि स्मृती यांतला गंभीर बिघाडही तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. त्या आधारावर प्रमाणपत्र मागा, ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर योजनांचे दार उघडते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या शासकीय मदतवाहिन्या आहेत, फुकट आहेत, सुनेलाही स्वतःसाठी फोन करता येतो.

आणि अंगठ्याकडे लक्ष ठेवा. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली आणि जमिनी वहिवाटदारांना फेरप्रदान झाल्या. अजून अनेक सातबाऱ्यांवर आजोबांचेच नाव आहे, विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तरी ‘फक्त इथं अंगठा द्या बाबा’ म्हणणारा दलाल नेमका त्यांचे भान हरपल्यावरच येतो. करार करताना तो समजण्याइतके मन शाबूत नसेल तर १८७२ चा करार कायदा असा करार मानत नाही. पण हे कोर्टात सिद्ध करायला त्या तारखेच्या आधीचा डॉक्टरांचा कागद हातात लागतो. म्हणून निदान लवकर करा, त्याची फाईल जपा, आणि भान आहे तोवर मृत्युपत्र व बँकेची कामे त्यांच्याच इच्छेने उरकून घ्या.

आता चळवळीच्या हिशेबाचे बोलू. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाच्या खांद्यावर बसून आलेले मूल आज सत्तरी ओलांडून गेले आहे. १९७८ पासून १९९४ पर्यंत नामांतरासाठी लाठ्या खाल्लेली, घरे जळताना पाहिलेली, तुरुंगात गेलेली तरुण मंडळी आता नेमकी धोक्याच्या वयात शिरली आहेत. नेत्यांची भाषणे छापून आली. ज्या बायकांनी मोर्च्यासाठी भाकऱ्या बांधल्या आणि मागे पोलिसांना तोंड दिले त्यांचे कुठे छापले? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी गावोगाव फिरून बाबासाहेबांच्या काळातल्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, १९८९ मध्ये ते पुस्तक आले. त्या फिरल्या नसत्या तर ते सगळे त्या बायकांबरोबरच गेले असते. नामांतराच्या पिढीसाठी हे काम आता करायचे आहे, आणि खिशातला मोबाईल त्याला पुरेसा आहे.

फक्त एक पथ्य पाळा. ज्यांचे विसरणे सुरू झाले आहे त्यांची परीक्षा घेऊ नका. ‘मला ओळखलं का? मी कोण, सांगा बघू!’ हा खेळ जयंतीच्या स्टेजवरही चालतो आणि समोरचा माणूस चारचौघांत उघडा पडतो. आपले नाव आपणच सांगा. जुना फोटो दाखवा, घोषणा आठवते का विचारू नका, आपणच ती सुरू करा. आणि ते थकले की रेकॉर्डिंग बंद करा. तुमच्या प्रकल्पापेक्षा त्यांची झोप मोठी आहे.

आमच्या तालुक्यातल्या तीन विहारांत आम्ही एक छोटी सुरुवात केली आहे. रविवारी सकाळी दोन तास अशा ज्येष्ठांना विहारात आणायचे. रक्तदाब मोजायचा, वंदना घ्यायची, गाणी लावायची, चहा द्यायचा. दाराशी दोन मुले बसतात, कुणी उठून रस्त्यावर जाऊ नये म्हणून. विहार समितीतल्या एक-दोघांनी नाक मुरडले, कुणी सतरंजी ओली केली तर काय म्हणून. सतरंजी धुतली. पहिल्या रविवारी चार घरांतून माणसे आली. त्या दोन तासांत सुनांनी काय केले, ते आम्ही नंतर विचारले. एक बाजाराला गेली, एक माहेरी फोनवर बोलत बसली, एकीने दवाखान्यात जाऊन स्वतःची शुगर तपासली. चौथी घरी जाऊन झोपली.